मंजन

माझ्या हातचा फॉर्म कधी परत आलेला नाही. एकोणतीस वर्षं मी कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाच्या खिडकीवर बसते आहे. काळ्या शाईनं भरा, रकाना रिकामा सोडू नका, खाडाखोड झाली तर बाजूला सही करा, ही तीन वाक्यं मी इतक्यांदा म्हटली आहेत की पोरं माझ्या माघारी मला ‘सहीवाली मॅडम’ म्हणतात. कोणी फॉर्ममध्ये खोटं लिहिलं तर मला ते अक्षरावरून कळतं. खोट्याच्या जागी पेन जरा अडखळतं आणि तिथं शाई जास्त सांडते.

माझं पेन मात्र अडखळलं नाही. माझ्या ऑपरेशनच्या आठ दिवस आधी हॉस्पिटलात सिस्टर फॉर्म घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “काकू, मी विचारते, तुम्ही फक्त सांगा.” मी म्हटलं, “द्या इकडे, मीच भरते.” शुगर नाही. बीपी नाही. दमा नाही. नवव्या रकान्यात छापलं होतं: ‘तंबाखूचे कोणत्याही स्वरूपात सेवन’. ‘कोणत्याही स्वरूपात’ याच्याखाली रेघ ओढलेली होती. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाही.

खाली नातेवाईकाची सही हवी होती. आमचे हे निवृत्त मुख्याध्यापक. दुधाच्या पिशवीवरचा मजकूरसुद्धा चष्मा लावून वाचणारे. त्यांनी चष्मा लावला, पहिल्या ओळीपासून बोट फिरवत फॉर्म वाचला, मधे एकदा बोट थांबलं, मग सरकलं, आणि त्यांनी सही केली. वरून सिस्टरांना म्हणाले, “आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा सापडणार नाही.” मी मान डोलावली. ते खोटं नव्हतं. आमच्या घरात सुपारी नव्हतीच.

आमच्या घरात मंजन होतं.

मी बारा वर्षांची होते तेव्हा माझी दाढ ठणकायला लागली. आम्ही नागपुरात महाल भागात दोन खोल्यांत राहायचो. आईनं तिच्या डबीतलं बोटभर काळं, गुळासारखं चिकट काहीतरी काढलं आणि माझ्या हिरडीवर चोळलं. “थुकत राहजो, गिळजो नको,” म्हणाली. जरा गरगरलं, तोंडाला पाणी सुटलं, आणि दाढ गप्प झाली. त्या डबीतल्या वस्तूला बाजारात गुडाखू म्हणतात. तंबाखू आणि गूळ घालून केलेली असते. आमच्याकडे तिला कोणीच गुडाखू म्हणायचं नाही. आई मंजन म्हणायची, मावशा मंजन म्हणायच्या, शेजारच्या साऱ्या बायका सकाळी उंबऱ्यावर बसून मंजन करायच्या. तंबाखू खातात ती माणसं वेगळी, कोपऱ्यावर पानठेल्याशी उभी असलेली. आम्ही दात घासत होतो.

दाढ पुढं पडून गेली, मंजन राहिलं. लग्नाच्या वेळी दिवसातून तीनदा होतं. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, संध्याकाळी. ते केल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही, आणि शेजारणीचा आवाजसुद्धा सहन होत नाही. ऑफिसात डबी ड्रॉवरमध्ये स्टँपपॅडच्या मागं असायची. कोणी विचारलं तर माझ्या हिरड्या नाजूक होत्या. मला माहीत नव्हतं असं मी मुळीच म्हणणार नाही. अलीकडं डबीवर चित्र छापतात, सडलेल्या तोंडाचं, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहितात. डबी घरी आली की मी पहिल्यांदा ते चित्र नखानं खरवडून काढायचे, मगच झाकण उघडायचे.

डबी हे आणायचे. किराण्याच्या यादीत तूरडाळ, साखर आणि साबणाच्या ओळीत मी ‘मंजन’ लिहायचे. बाकीचा किराणा मनीषनगरातच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिळतो. पण मंजन ते महालातून आणायचे, स्कूटर काढून, एवढा रस्ता तुडवून. म्हणायचे, “तिथं ताजं भेटते.” मला वाटायचं, माझ्या माहेरची वस्तू माहेरच्याच दुकानातून आणावी असं त्यांना वाटत असेल. मी त्यावर खूशही व्हायचे, मूर्खासारखी.

आणि हा माणूस कोण, तर शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मुलांचे खिसे तपासून खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, पुड्या जप्त करणारा. खर्रा शब्द ऐकला की यांच्या कपाळाची शीर उडायची. झेंड्याखाली सगळ्या शाळेला तंबाखू न खाण्याची शपथ द्यायचे, आणि घरी आले की मी तोंड खळखळून धुतलेलं असायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या मोरीत होता.

गाठ डाव्या स्तनात होती. आंघोळ करताना हाताला लागली. तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. सर्जन बाई होत्या, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान, तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्या. मला अशी माणसं आवडतात. त्यांनी कागदावर रेघ ओढून समजावलं. आधी ऑपरेशन, स्तन पूर्ण काढायचा. मग जखम भरायची. मग केमो. “काकू, मधली पायरी तुम्हाला छोटी वाटते, पण सगळं तिच्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “जखम भरली नाही तर केमो थांबते. आणि केमो थांबली म्हणून आजार थांबत नाही. म्हणून सांगते, चांगलं खा, शुगर असेल तर आटोक्यात ठेवा, आणि तंबाखू कोणत्याही रूपात असेल तर आज, आत्ता बंद. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे तरी पाहिजे होते, पण आपल्याकडे तितके नाहीत.”

मी हे सगळं ऐकलं. चांगलं खा, हे मी माझ्यासाठी ऐकलं. तंबाखूचं वाक्य मी दुसऱ्या कोणासाठी असावं तसं ऐकलं, आणि घरी येऊन संध्याकाळचं मंजन केलं.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर जाड पट्टी होती आणि काखेखालून एक नळी निघून प्लास्टिकच्या बाटलीत उतरली होती. आतलं पाणी त्या बाटलीत साचायचं, सिस्टर मोजून लिहायच्या. मी प्रसाधनाच्या पिशवीत एक डबी नेली होती, तळाशी थोडंसं उरलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरून बाथरूममध्ये गेले आणि उजव्या हाताच्या बोटानं मंजन केलं. डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटलं म्हणून आलं. त्या सकाळी मला तेवढीच एक गोष्ट माझी वाटली, हे मी लपवणार नाही.

तळातलं दुसऱ्याच दिवशी संपलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी यांच्यावर खेकसायला लागले. चहा गार आहे, पंखा आवाज करतो, उशी उंच आहे. ते शेजारी बसून होते. मी म्हटलं, “अहो, मंजन संपलं.” ते जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग उठले, चप्पल घातली आणि गेले. दीड तासानं आले आणि रुमालात गुंडाळलेली नवी डबी माझ्या उशाशी ठेवली.

डबीवरचं चित्र आधीच खरवडलेलं होतं. पत्र्यावर नखाच्या रेघा दिसत होत्या. मला वाटलं, जुना माल असेल. मी त्यावर अधिक विचार केला नाही. हातात डबी आल्यावर मी कशावरच अधिक विचार करत नसे.

पाचव्या दिवशी पट्टी उघडली. मी मान वळवून भिंतीकडं बघत होते. बाई नेहमी बोलत बोलत काम करायच्या, त्या दिवशी मधेच गप्प झाल्या. मी खाली पाहिलं. आडवी लांब शिवण होती, आणि तिच्या मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात दोन्ही कडा जांभळ्या दिसत होत्या, जांभूळ खाल्लेल्या ओठासारख्या. बाईंनी बोटानं हलकंसं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. “दुखतं का?” मी म्हटलं, काहीच कळत नाही. त्यांना ते उत्तर आवडलं नाही, हे मला दिसलं.

“बघू दोन दिवस,” त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी जांभळं होतं ते काळं झालं. घरी सोडलं होतं, नळी अजून तशीच, आणि एक दिवसाआड पट्टीला जायचं. दर खेपेला तो काळा पट्टा थोडा रुंद. कोरडा, कडक, वहाणेच्या चामड्यासारखा. माझ्याच अंगावर माझीच कातडी मरत होती आणि मला तिथं काही दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं. मी घरी आरशासमोर जात नसे, पण वास यायला लागला होता. उदबत्ती लावली तरी तो उदबत्तीच्या खालून यायचा.

बाई दर वेळी नवीन काहीतरी विचारायच्या. शुगर पुन्हा तपासली, नाही. रक्त कमी आहे का, नाही. “मग कडेला रक्त काहून पोचून नाही राहिलं?” त्या स्वतःशीच बोलल्या. चोराच्या मनात चांदणं. मी छताकडं बघत राहिले. हे कोपऱ्यात उभे होते, तेही छताकडंच बघत होते.

जरीपटक्याहून माझी नणंद आली. तिनं आल्या आल्या निदान केलं. “वैनी, आंबट खाल्लं असंन तुम्ही. आंबटानं जखम चिघळते.” झालं. यांनी घरातून दही हाकललं, लिंबू हाकललं, चिंच हाकलली. नागपुरात राहून आमच्या घरात संत्रं बंद झालं. नणंद टोपली उचलून घेऊनच गेली. हे रोज सकाळी स्वयंपाकघरात उभे राहून वरणात आमसूल नाही ना, याची खात्री करायचे, अगदी पोरांचे खिसे तपासल्यासारखी. मी ते बघायचे आणि मोरीत जाऊन कडी लावायचे.

मी का थांबले नाही, हे मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगते. एक दिवस थांबले होते. दुपारपर्यंत हात थरथरायला लागले, डोकं फुटायची वेळ आली, आणि मनात एकच विचार: कॅन्सर झालाय, एक स्तन गेलाय, केस जाणार आहेत, आता हेही सोडू? माझी मला फार दया आली. त्या दयेनं माझं जितकं वाटोळं केलं तितकं कोणी शत्रूनं केलं नसतं.

केमो ज्या आठवड्यात सुरू व्हायची होती तो आठवडा निघून गेला. बाईंनी आम्हाला दोघांना समोर बसवलं. “काळी कातडी काढावी लागेल. काढून उरलेल्या कडा पुन्हा ओढून शिवायच्या. एकदा ओढता येतील. पुन्हा काळं पडलं तर तिथं ओढायला कातडी उरणार नाही, दुसरीकडून आणावी लागेल. आणि तोवर केमो नाही.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “मला कारण सापडत नाही, काकू. कारण न सापडता पुन्हा शिवायची मला भीती वाटते.”

डॉक्टरच्या तोंडून भीती हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

बाहेर सिस्टरांनी नवा फॉर्म काढला. त्याच त्या सिस्टर. या वेळी त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला नाही. मांडीवर ठेवला आणि सहज, गप्पा मारल्यासारखं विचारलं, “काकू, सकाळी दात कशानं घासता?”

“मंजनानं,” हे म्हणाले. मला विचारलं होतं आणि उत्तर यांनी दिलं, तेही फार पटकन.

सिस्टर यांच्याकडं बघितल्याही नाहीत. “मी सगळ्याच बायांले विचारते,” त्या मला म्हणाल्या. “तंबाखू खाता का विचारलं तर सगळ्या नाही म्हणतात. खोटं नाही बोलत त्या, त्यांले तसंच वाटते. मायी माय बी म्हणे, मंजन आहे वं ते.” पेन हातात धरून त्या थांबल्या. “डबीतलं असते न तुमचं?”

समोरच्या बाकावर दोन-तीन लोक बसलेले होते. शेजारी ज्यानं हजारो मुलांना शपथ दिली तो माणूस. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही दोघांनी इतकी वर्षं सांभाळलं होतं, आणि मूठ उघडायची म्हणजे माझी एकटीची उघडणार नव्हती. मी यांच्याकडं पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

मी म्हटलं, “सिस्टर, माझा जुना फॉर्म फायलीत असेल. तो काढा.”

त्यांनी काढला. नववा रकाना. माझं सुवाच्य ‘नाही’. मी त्यावर एक आडवी रेघ मारली, बाजूला ‘हो, गुडाखू, दिवसातून तीनदा, आज सकाळपर्यंत’ असं लिहिलं आणि खाडाखोडीच्या शेजारी सही केली. सही वेडीवाकडी आली, माझी वाटत नव्हती. खिडकीवर कोणी अशी सही आणली असती तर मी परत पाठवली असती. मग पिशवीतून डबी काढून सिस्टरांच्या टेबलावर ठेवली.

“नातेवाईकांची पण लागेल बाजूला,” सिस्टर म्हणाल्या.

यांनी पेन घेतलं आणि मी दाखवली त्या जागी सही केली. चष्मा खिशातच होता. तो काढायला त्यांचा हात गेलाच नाही.

बाईंनी आम्हाला पुन्हा आत बोलावलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडावं असंच मला वाटत होतं. त्या फक्त खुर्चीत मागं टेकल्या. मग समजावलं की स्तन काढल्यावर वरची कातडी केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगते, आणि तंबाखूनं त्याच आवळतात. रोज तीनदा मी त्यांना आवळत होते. “आज शिवून उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. “काळं तेवढं काढते, जखम उघडी ठेवून पट्ट्या करू. डबी बंद राहिली तर काही आठवड्यांनी शिवू.”

“आणि केमो?” मी विचारलं.

“तोवर नाही.”

“एवढ्या उशिरानं काही बिघडेल का?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग फाइल ओढून लिहायला लागल्या.

घरी आम्ही ऑटोनं निघालो. अजनीचा पूल ओलांडल्यावर मी विचारलं, “पहिल्या फॉर्मवर तुमचं बोट थांबलं होतं. नवव्या रकान्यावरच न?”

“हाव.”

“मग काहून बोलले नाही?”

“तू नाही लिवलं होतं. मले वाटलं, सोडलं असशीन.”

“आणि तिसऱ्या दिवशी मी मागितलं तेव्हा?”

ऑटो सिग्नलला उभा राहिला. ते समोरच्या काचेकडं बघत होते. “चित्र खरवडून आणलं होतं मी,” ते म्हणाले. “तू नेहमी खरवडत होती. एका हातानं जमलं नसतं तुले.”

मला रडू आलं नाही. मला संताप आला, त्यांचा, माझा, आईचा, सगळ्यांचा. मी म्हटलं, “म्हणजे महालात ताजं भेटते हे...”

“मनीषनगरात ओळखीची लोकं आहेत वं,” ते म्हणाले.

यापुढं आम्ही त्या विषयावर बोललेलो नाही. डबी सुटली. कशी सुटली ते सांगण्यासारखं नाही. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या भांड्यांशीसुद्धा भांडले. हे रोज सकाळी मोरीच्या दाराबाहेर पेपर घेऊन उभे राहायचे, अजूनही राहतात. पानं उलटल्याचा आवाज येत नाही, म्हणजे ते वाचत नसतात. मी आत टूथपेस्टनं दात घासते, जरा मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं. उघड्या जखमेत हळूहळू लाल, ओलसर मांस भरलं. बाईंनी कडा ओढून शिवल्या आणि या वेळी त्या गुलाबी राहिल्या. बाईंनी दाबून पाहिलं, मी ओरडले, आणि त्या हसल्या.

केमो सुरू झाली, ठरली होती त्याच्या बऱ्याच नंतर. मधल्या त्या आठवड्यांत आत काय चाललं होतं ते कोणी सांगत नाही. मी विचारणंही सोडलंय. नणंदेनं संत्र्यांची टोपली परत आणून दिली आणि जखम आंबट सोडल्यानंच भरली, असं ती सगळ्यांना सांगते. आम्ही दोघंही तिला दुरुस्त करत नाही. म्हणजे मूठ पूर्ण उघडली असं काही नाही.

गेल्या आठवड्यात मला खोकला लागला. कोरडा, पाठीत कळ आणणारा. काल सकाळी मोरीतून बाहेर आले तेव्हा हे पेपर धरून उभेच होते. म्हणाले, “कव्हापासून खोकलून राहिली?”

“कालपासून,” मी म्हटलं. इतक्या सहज की माझं मलाच कळलं नाही. अगदी सुवाच्य.

मी दोन पावलं पुढं गेले आणि थांबले. भिंतीला हात टेकला. त्यांच्याकडं न बघता म्हटलं, “नाही. दहा दिवस झाले.”

त्यांनी पेपर खाली ठेवला, खिशातून चष्मा काढून लावला, आणि फोनमध्ये बाईंचा नंबर शोधायला लागले.